व्हिपलॅश

मानेला अचानक बसलेल्या हिसक्याने तिथले स्नायू, अस्थिबंध आणि मणक्यांमधले लहान सांधे दुखावणे. समोरच्या किंवा बाजूच्या धडकेतही ही इजा होते. पण नेहमीचा प्रसंग म्हणजे सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागच्याने ठोकणे. अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञ हॅरल्ड क्रो यांनी १९२८ मध्ये हे नाव रूढ केले असे मानतात.

मागून धडक बसताच सीटची पाठ धडाला पुढे रेटते. साडेचार-पाच किलोचे डोके मात्र क्षणभर जागीच राहते. सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात मान ‘एस’ अक्षरासारखी वाकते : खालचे मणके मागे, वरचे पुढे. खालच्या सांध्यांवर दाब येतो, त्यांचे आवरण ताणले जाते, आणि स्नायू पुरते आवळण्याआधीच हे सारे घडून जाते. म्हणूनच ‘बंपरला साधा पोचा नाही, मग मान कशी दुखेल?’ हा विमावाल्यांचा लाडका प्रश्न फसवा आहे. गाडीच्या नुकसानीवरून मानेची इजा ठरत नाही.

धडकेच्या वेळी अनेकदा काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी मान आखडते, डोके मागून ठणकते, कधी चक्कर येते. एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो, त्यामुळे रुग्णावर ढोंगाचा आळ येतो. १९९५ मध्ये क्वेबेकच्या तज्ज्ञगटाने ० ते ४ अशा श्रेणी ठरवल्या; श्रेणी ३ मध्ये मज्जातंतूंची लक्षणे, श्रेणी ४ मध्ये अस्थिभंग किंवा सांधा निखळणे येते.

मानेला पट्टा बांधून आठवडेच्या आठवडे पडून राहण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. अस्थिभंग नसेल तर वेदनाशामक घेऊन मान लवकर हलती ठेवणे हिताचे. बहुतेकांना काही आठवड्यांत वा महिन्यांत उतार पडतो. काहींचे दुखणे वर्षानुवर्षे रेंगाळते. अपघातानंतर हातापायांत बधिरता वा अशक्तपणा वाटल्यास मात्र मान न हलवता रुग्णालय गाठावे.

ही इजा टाळण्यासाठी अमेरिकेत १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटांना हेडरेस्ट सक्तीचे झाले. त्याला लोक उशी समजतात आणि ते खालच्या खाचेतच राहू देतात. अशा वेळी ते डोक्याऐवजी मानेमागे येते. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीत आणि डोक्याच्या शक्य तितकी जवळ ठेवावी.