लाळेची साक्ष

कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर जी मिताक्षरा टीका लिहिली, तिच्या दिव्यप्रकरणात तुला, अग्नी, जल, विष आणि कोश या परीक्षांच्या पाठोपाठ तण्डुलदिव्य नावाची एक परीक्षा येते. ती चोरीच्या आळापुरतीच योजावयाची असे. शाळीचे पांढरे तांदूळ मातीच्या नव्या भांड्यात घालून देवाच्या स्नानाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावेत, सकाळी आरोपिताला पूर्वेकडे तोंड करून बसवावे आणि त्याने ते चावून पिंपळाच्या पानावर, पिंपळ न मिळाल्यास भूर्जपत्रावर, थुंकावेत. थुंकलेल्या तांदळांत रक्त दिसले किंवा आरोपिताच्या अंगाला कंप सुटला, की गुन्हा शाबीत. पुढे सुमारे सात शतकांनी बनारसचे मुख्य न्यायाधिकारी अली इब्राहिम खान यांनी हिंदूंच्या दिव्यांवर लिहिलेला निबंध कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या १७८८ च्या पहिल्या खंडात छापला गेला, तेव्हा त्यात या परीक्षेची आणखी एक खूण नोंदविली गेली: ज्याच्या मुखातून तांदूळ कोरडेच बाहेर येतात, तोही अपराधी समजावा. भयाने तोंडाला कोरड पडते हे शरीरशास्त्रातले सत्य न्यायशास्त्राने असे अनुभवाने हेरले होते. निरपराध माणसाच्या तोंडालाही न्यायासनासमोर कोरड पडते, एवढे मात्र त्याच्या हिशेबात आले नाही.

या परीक्षेतली भाबडी श्रद्धा बाजूला ठेवली, तरी तिचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. येथे आरोपिताच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवावयाचा नाही, त्याला पाण्यात बुडवावयाचे नाही. पुरावा त्याने स्वतःच्या मुखाने निर्माण करावयाचा आणि स्वतःच पानावर ठेवावयाचा. शरीराच्या पुराव्याचा इतिहास पाहताना तो पुरावा रक्ताचा की लाळेचा, यापेक्षा तो कोणाच्या हातांनी घेतला गेला, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. आणि आज टपालाने घरपोच येणाऱ्या लाळेच्या किटचे महत्त्व ठरवायचे तर ते याच प्रश्नाच्या अनुरोधाने ठरवावे लागेल.

न्यायाने जिची साक्ष काढली, त्या लाळेकडे वैद्यकाने मात्र दीर्घकाळ पाठ फिरविली. योगरत्नाकरात सांगितलेल्या अष्टस्थान परीक्षेत नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, नेत्र आणि आकृती यांना स्थान आहे. मूत्रावर तेलाचा थेंब सोडून तो कोणत्या दिशेला पसरतो हे पाहण्याचे तैलबिंदूचे सूक्ष्म शास्त्रही आपल्या वैद्यांनी रचले. परंतु ज्या जिभेची परीक्षा करावयाची, तिला भिजविणाऱ्या रसाचे स्वतंत्र स्थान त्या आठांत नाही. उष्ट्याचा विटाळ मानणाऱ्या समाजात वैद्याने रोग्याची थुंकी न्याहाळण्याचे टाळले असेल, तर त्यात नवल नाही. पण उष्ट्याचा विचार ज्यांच्या मनाला शिवत नव्हता, त्या युरोपातले वैद्यही शतकानुशतके मूत्राची काचकुपीच उजेडात धरून बसले होते. डेल्फ्ट येथील अँटनी व्हॅन लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने १६८३ साली दातांवरचे किटण पावसाच्या पाण्यात आणि लाळेत कालवून आपल्या भिंगाखाली पाहिले व त्यांत वळवळणाऱ्या सूक्ष्म जीवांची हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविली. पण त्यावरून रोगनिदानाची वाट निघण्यास आणखी दोनशे वर्षे जावी लागली.

आणि ती निघाली तेव्हाही लाळेच्या वाट्याला प्रथम अवहेलनाच आली. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख याने बर्लिन येथे क्षयाचा जंतू जाहीर केला आणि त्यानंतर क्षयरोग्याच्या कफाला दवाखान्यात अपूर्व प्रतिष्ठा लाभली. ही प्रतिष्ठा छातीतून खाकरून काढलेल्या बेडक्याची होती, लाळेची नव्हे. आजही क्षयरोग केंद्रावरचा कर्मचारी डबी देताना ‘लाळ नको, बेडका पाहिजे’ असे बजावतो, आणि डबीत नुसती पातळ लाळ आलेली दिसली तर नमुना पुन्हा मागतो.

नमुना घेण्याची साधने एका पेटीत घालून ती प्रयोगशाळेबाहेर पाठवावी, ही कल्पना अमलात आली ती न्यूयॉर्क शहरात, १८९३ च्या सुमारास, आणि तिला निमित्त झाला घटसर्प. लहान मुलांचा गळा आवळून प्राण घेणाऱ्या या रोगाचा जंतू क्लेब्स व लफ्लर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८३–८४ मध्ये हुडकला होता. पण प्रत्येक दुखऱ्या घशात तो असतोच असे नाही, आणि नुसत्या नजरेने निदान करणारा डॉक्टर घटसर्प नसलेल्या मुलालाही घटसर्पाच्या वॉर्डात पाठवी, जेथे तो त्याला खरोखरच होई. शहराच्या आरोग्यखात्यातील हर्मन बिग्ज आणि विल्यम पार्क या दोन डॉक्टरांनी यावर जी तजवीज केली, तिच्यातली कल्पकता एखाद्या मुरलेल्या कारभाऱ्याला शोभण्यासारखी होती. त्यांनी लहान लाकडी पेट्या तयार करविल्या. प्रत्येक पेटीत टोकाला कापूस गुंडाळलेली धातूची काडी असलेली एक नळी, गोठविलेल्या रक्तद्रवाची दुसरी नळी आणि भरून द्यावयाचा एक छापील तक्ता. या पेट्या शहरभरच्या औषधांच्या दुकानांत ठेवल्या जात. डॉक्टरने वाटेवरच्या दुकानातून पेटी उचलावी, रोग्याच्या घशात काडी फिरवून ती रक्तद्रवावर घासावी आणि पेटी त्याच दुकानात परत ठेवावी; संध्याकाळी खात्याचा माणूस फेरी मारून साऱ्या पेट्या गोळा करी, नळ्या रात्रभर उबेत ठेवल्या जात आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या हाती निकाल पडे. रोग्याला प्रयोगशाळेपर्यंत यावे लागत नव्हते, आणि प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाला रोग्याच्या घरी जावे लागत नव्हते. कापसाची काडी, जंतूंना जिवंत ठेवणारी नळी, नावगावाचा कागद आणि ने-आण करणारा माणूस ही आजच्या स्वॅब-किटची सारी अंगे त्या पेटीत होती. काडी मात्र अजून डॉक्टरच्या हातात होती.

हा हात कोणाचा, याला महाराष्ट्रात १८९७ साली किती महत्त्व आले, हे येथल्या वाचकाला सांगावयास नको. रँडच्या प्लेग कमिटीच्या अमदानीत पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरात शिरून काखेतल्या व जांघेतल्या गाठी तपासल्या, त्या तपासणीमागचा वैद्यकीय हेतू कितीही रास्त असो. परक्या हाताने बळाने केलेल्या त्या देहस्पर्शाने जो संताप उसळला, त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवरील हल्ल्यात झाली. स्वातंत्र्यानंतर मलेरिया निर्मूलनाचा कर्मचारी बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेण्यास दारोदार हिंडू लागला, तेव्हा काळ पालटला होता आणि कर्मचारीही आपलाच होता. तरी त्याला पाहून पोरे माळ्यावर लपत. हत्तीरोगाचे जंतू रक्तात रात्रीच उतरतात, म्हणून विदर्भातल्या गावांत ऐन निजानीजेच्या वेळी रक्ताचे नमुने घ्यावे लागत. झोपेतून उठवून टोचून घेण्यास माणूस किती राजी असेल, याची कल्पना कोणीही करावी.

लाळेला वैद्यकाच्या दप्तरात सन्मानाने दाखल करून घेण्याचे काम मुख्यतः इंग्लंडमध्ये झाले. रक्तातली प्रतिपिंडे लाळेतही असतात. पण शेकडो पटींनी विरळ, आणि त्यामुळे जुन्या कसोट्यांना ती सापडत नसत. १९८७ साली पॅरी, पेरी आणि मॉर्टिमर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा तीक्ष्ण कसोट्या प्रसिद्ध केल्या की त्यांना ही विरळ साक्षही ऐकू येऊ लागली. तिचा खरा उपयोग गोवराच्या बाबतीत झाला. लसीकरणामुळे रोग ओसरू लागला, तशी एक विलक्षण अडचण उभी राहिली: अंगावर पुरळ आलेले मूल पाहून ‘गोवर’ असे लिहिणाऱ्या डॉक्टरचे निदान आता बहुधा चुकू लागले, कारण पुरळ तेच राहिले आणि गोवर दुर्मिळ झाला. खात्री करावयाची तर रक्त हवे. आणि तापलेल्या, रडणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाच्या शिरेत, तेही केवळ सरकारी आकडेवारीसाठी, सुई खुपसू देण्यास कोणती आई तयार होईल? १९९४ च्या नोव्हेंबरपासून इंग्लंड व वेल्समध्ये अशा मुलांसाठी स्पंजाच्या टोकाची काडी आणि नळी यांचे किट पाठविण्यात येऊ लागले. दातांच्या व हिरड्यांच्या कडेने ती काडी मिनिटभर, दात घासावे तशी, फिरवावयाची आणि नळीत बंद करून टपालात टाकावयाची, एवढेच काम. ते आईला स्वतः करता येई. पुढच्या वर्षांत नोंदविलेल्या गोवरांपैकी थोडेच खरे ठरले, ही गोष्ट त्या टपालामुळेच कळली. माझ्या मते लाळेच्या किटचे सर्वांत निर्मळ यश हेच. त्यात बाजार नव्हता आणि भयही नव्हते.

एच.आय.व्ही.च्या तपासणीत दोन्ही होती. हिरडी आणि गाल यांच्यामध्ये खाऱ्या द्रवाने भिजविलेली पट्टी धरून ठेवण्याच्या ओराशुअर या साधनाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर १९९४ मध्ये मान्यता दिली. आणि जुलै २०१२ मध्ये तर दुकानातून विकत आणून घरच्या घरी, दार लावून, वीस मिनिटांत निकाल पाहण्याचे साधनही मान्य झाले. लोकलज्जेने जो दवाखान्याची पायरी चढला नसता, त्याला हा केवढा आधार! परंतु याच साधनाविषयी प्रशासनाने स्वतःच ताकीद दिली होती की, सामान्य माणसाच्या हातून ते वापरले गेले असता दर बारा बाधितांपैकी सुमारे एकाचा संसर्ग त्याला दिसत नाही. साक्षीदार सोयीचा असला म्हणून त्याची उलटतपासणी चुकत नाही.

पोलिसांनीही ही सोय लवकरच हेरली. इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात दोन मुलींच्या खुनांच्या तपासात १९८७ साली पाच हजारांवर पुरुषांचे रक्ताचे व लाळेचे नमुने घेण्यात आले. खरा खुनी कॉलिन पिचफर्क याने आपल्या नावावर सहकाऱ्याला नमुना देण्यास पाठविले, आणि ती लबाडी त्या सहकाऱ्याच्या मद्यगृहातल्या बढाईतून फुटली नसती, तर सारी मोहीम व्यर्थ गेली असती. १९९४ च्या कायद्याने तर तेथे मुखातल्या स्वॅबला अंतरंग नमुन्यांच्या वर्गातून काढून केस-नखांच्या पंक्तीला बसविले, म्हणजे तो संमतीवाचूनही घेता येऊ लागला. काडी सौम्य झाली की हुकूम कठोर करण्यास संकोच वाटत नाही, हा या साधनाचा एक काळा पैलू आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये पुण्यात करोनाचे रोगी सापडले आणि ‘स्वॅब’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. वृत्तपत्रांतून ‘थुंकीचे नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेकडे रवाना’ असे छापून येई, जरी प्रत्यक्षात काडी नाकातून थेट घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत जात असे. त्या काडीने डोळ्यांत पाणी येई, शिंक येई, आणि त्या शिंकेच्या टप्प्यात नखशिखान्त झाकलेला कर्मचारी उभा असे. शिवाय या काड्यांचा एक प्रमुख कारखाना इटलीच्या लोम्बार्डी प्रांतात, म्हणजे ऐन साथीच्या तडाख्यात. अमेरिकेला त्या लष्करी विमानाने आणवाव्या लागल्या. अशा वेळी हाँगकाँगच्या डॉक्टरांनी बारा रोग्यांपैकी अकरांच्या लाळेत विषाणू दाखविला. एप्रिलमध्ये अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठाच्या लाळेच्या तपासणीला तातडीची परवानगी मिळाली, मे महिन्यात तीच लाळ घरी गोळा करण्याचीही. आणि ऑगस्टमध्ये येल विद्यापीठाने संरक्षक द्रवाचीही गरज नसलेली, कोणत्याही निर्जंतुक नळीत थुंकून देता येणारी पद्धत पुढे आणली.

आपल्याकडे या पद्धतीची धाकटी बहीण नागपुरात जन्मली. सांडपाणी आणि हवा यांच्या अभ्यासासाठी ख्यात असलेल्या ‘नीरी’ या संस्थेतील कृष्णा खैरनार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची पद्धत तयार केली. पंधरा सेकंद गुळण्या, तोंड खळखळून त्याच नळीत थुंकणे, प्रयोगशाळेत एका द्रवात अर्धा तास ठेवणे आणि ९८ अंशांवर सहा मिनिटे तापविणे, महागडी आर.एन.ए. काढण्याची साधने वगळून तीन तासांत निकाल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मे २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. घसा बसला की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करणाऱ्या समाजाला ती शिकविण्याची गरज नव्हती. तरी ती जिल्ह्याजिल्ह्यांत रुजण्यापूर्वी दुसरी लाट ओसरली होती, आणि माझ्या मते त्या वर्षीच्या हुकलेल्या संधींत तिची गणना व्हावी.

लाळ रक्ताची जागा सर्वत्र घेणार नाही. मधुमेहाचे निदान करण्यास आजही रक्तच लागते. पण जेथे माणसे फार, सुया थोड्या, रोगी लहान किंवा लाजरा आणि दवाखाना लांब, तेथे लाळेचा दावा मोठा आहे. तेव्हा अशी नळी कधी हाती आली, तर वाचकाने अर्धा तास आधीपासून चहा, पान आणि विशेषतः तंबाखू तोंडात घालू नये, नळीवरच्या रेघेपर्यंत फेस न मोजता लाळ भरावी, तापाने तोंड कोरडे असेल तर घाई न करता थांबावे, आणि झाकण लावल्यावर आपले नाव व तारीख स्वच्छ अक्षरांत स्वतः लिहावी.