राळेचा ठिसूळपणा आणि वनस्पतितंतू

लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगाने सिद्ध केलेली राळ टणक आणि विद्युत्‌रोधक होती. परंतु नुसती राळ आघात सोसत नसे. तीत लाकडाचे पीठ मिसळण्याचा प्रघात निव्वळ स्वस्ताईपोटी पडला, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो अपुरा होय. त्या पिठावाचून ही राळ नित्याच्या वापरात टिकती ना.

पिठाचे कण मात्र आखूड. भेगेला ते फारसे अडवीत नाहीत. म्हणून लक्ष लांब धाग्यांकडे वळले. डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन यांनी जवसाचे धागे एकाच दिशेने मांडून, फिनॉलच्या राळेत भिजवून व दाबून ‘गॉर्डन एरोलाइट’ तयार केले. ॲल्युमिनियमच्या टंचाईच्या धास्तीने १९४० मध्ये स्पिटफायर विमानाचे धड प्रयोगादाखल त्याचे घडविण्यात आले. टंचाई तितकी भासली नाही, आणि प्रयोग तेथेच राहिला.

पूर्व जर्मनीत टंचाई खरी होती. ती पोलादी पत्र्याची. त्स्विकाउ येथे १९५७ पासून निघालेल्या ट्राबांट मोटारीचे बाह्यांग कापसाच्या टाकाऊ तंतूंचे व फिनॉलच्या राळेचे असे. १९९१ पर्यंत अशा तीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. या गाडीची थट्टा पुष्कळ झाली. तिच्यातील द्रव्याचा विचार त्या मानाने थोडा. कापूस जवसाहून दुर्बळ खरा, पण तुटण्यापूर्वी तो अधिक ताणला जातो, आणि आघातप्रसंगी हाच गुण उपयोगी पडतो. बळकटी आणि चिवटपणा यांची गल्लत येथे करून चालत नाही.

भेग वाढण्यास ऊर्जा लागते, हे ग्रिफिथ यांनी १९२० मध्येच दाखविले होते. त्यापुढचे विवेचन कुक व गॉर्डन यांनी १९६४ मध्ये केले. भेगेच्या टोकापुढे तिला समांतर असाही ताण असतो. वाटेतील सांधा पुरेसा दुर्बळ असेल, तर तो आधीच उकलतो आणि भेग बोथट होते. दुर्बळ सांधा उपकारक ठरावा, हे प्रथमदर्शनी विपरीतच वाटते. शिवाय सांध्यातून तंतू उपसले जाताना घर्षणात ऊर्जा खर्च होते, ती निराळीच.

सेल्युलोजशी फिनॉलच्या राळेची पकड मुळातच घट्ट असते. पॉलिप्रोपिलीनची तशी नसते. म्हणून त्यात मलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रोपिलीन थोडे मिसळतात. त्याने ताणबल वाढते. परंतु खाच पाडलेल्या नमुन्यांची आघातसहिष्णुता कित्येकदा घटलेली आढळते, कारण तंतू उपसून येण्याऐवजी जागच्या जागी तुटतात.