पानांची मोजदाद

झाडीपट्टीचा इतिहास लिहायला बसलेला माणूस बहुधा धानापासून आणि तलावांपासून सुरुवात करतो. तसे होणे स्वाभाविकही आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव, त्यांच्या पाण्यावर उभा राहिलेला धान, पुढे मालगुजारी आणि मालगुजारी गेल्यावर त्याच तलावांना चिकटलेले 'मामा तलाव' हे नाव. (नात्यातल्या मामाचा येथे काही संबंध नाही, 'माजी मालगुजारी'चे ते सरकारी संक्षेपरूप आहे आणि सरकारी संक्षेपातून इतका लडिवाळ शब्द क्वचितच निपजला असेल.) या इतिहासात पाणी आहे, जमीन आहे, राजा आहे आणि पाटीलही आहे. पण या प्रदेशाचे आणखी एक पीक आहे, जे कोणी पेरत नाही. ते म्हणजे पान.

सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातले गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग त्याच्यावरून जातो आणि गोंदियाहून वडसा, नागभीडकडे उतरणारी रेल्वेही तेथे थांबते. चुलबंदचे खोरे, एका बाजूला नवेगावचे अरण्य आणि दुसऱ्या बाजूला नागझिऱ्याचे. एवढ्या भूगोलातून या भागाचे पानाशी असलेले नाते समजते: जंगल हाताशी आणि माल बाहेर नेणारी वाटही हाताशी. प्रमाण मराठीत ज्याला टेंभुर्णी म्हणतात त्या झाडाला व्यापाराने हिंदीतून 'तेंदू' हे नाव दिले आणि आता झाडीपट्टीतही हंगाम तेंदूचाच असतो, टेंभुर्णीचा नव्हे. झाडाचे नाव त्याच्या गिऱ्हाइकाने ठरवावे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नोंदून ठेवण्यासारखी आहे.

पानावर जगणाऱ्या प्रदेशांचा इतिहास म्हटला की आपल्याला चहा आठवतो. आसामच्या मळ्यांवर मुल्कराज आनंदांनी १९३७ साली 'टू लीव्हज अँड अ बड' ही कादंबरी लिहिली, आणि पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागावर तर इतिहासकारांनी पुष्कळच लिहिले आहे. केनियात लिमुरू येथे १९०३ साली चहाची पहिली रोपे लागली. १९२०च्या दशकात ब्रूक बाँड आणि जेम्स फिन्ले या कंपन्या केरिचोच्या सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या हिरव्या टेकड्यांवर उतरल्या. तेथील किप्सिगिस लोकांच्या जमिनी गेल्या आणि त्यांच्यातल्या तलाई कुळाला १९३४ मध्ये थेट हद्दपार करण्यात आले. सौंदडची उंची केरिचोपुढे काहीच नाही, हवाही निराळी. तरीही दोन्हीकडची अर्थव्यवस्था स्त्रीच्या बोटांनी खुडलेल्या पानावर उभी आहे, आणि म्हणून त्यांच्यातले साम्य व भेद दोन्ही पाहण्यासारखे आहेत.

भेद आधी पाहू, कारण बाकीचे बरेचसे त्यातूनच येते. चहाचे झुडूप दर आठ-पंधरा दिवसांनी खुडावे लागते, जवळजवळ वर्षभर. खुडलेले पान काही तासांत कारखान्यात पोचले नाही तर वाया जाते. त्यामुळे चहा कारखान्याला मळ्यात बोलावतो, मजुराला कारखान्याशेजारी वसवतो आणि मजुरांच्या चाळींची एक स्वतंत्र वसाहत निर्माण करतो. तेंदूचे अगदी उलट. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे छाटायची म्हणजे कोवळी, रुंद पाने फुटतात. एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात काही आठवडे ती तोडायची की वर्षाचा व्यवहार संपला. पहाटे घरातली सारी माणसे रानात जातात, उन्हे चढायच्या आत परततात, दुपारभर ओसरीवर बसून पाने निवडून त्यांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन देतात. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. फळीवर ते पुडे उन्हात पसरून वाळवायचे, उलटायचे, शेवटी पाणी शिंपडून मऊ करायचे आणि बारदानात भरायचे. वाळलेले पान महिनोन्महिने टिकते. त्याला कारखान्याची घाई नाही, त्याला भीती फक्त अवकाळी पावसाची.

म्हणून तेंदूने मळा निर्माण केला नाही. गाव होते तसे राहिले, शेतकरी शेतकरीच राहिला, आणि पान तोडणारी व्यक्ती 'मजूर' आहे हे वर्षातल्या पंधरा-वीस दिवसांपलीकडे कोणाच्या लक्षात राहण्याचे कारण उरले नाही. केरिचोतला मजूर छायाचित्रात दिसतो. हिरव्यागार उतारावर पाठीला टोपली लावलेली त्याची आकृती जगाच्या परिचयाची आहे. तेंदू तोडणाऱ्या बाईचे असे चित्र नाही. ती रानात असते तेव्हा तिला पाहणारे कोणी नसते.

पान हा व्यापार झाला तो रेल्वेमुळे आणि विडीमुळे. गुजरातेतल्या १८९९च्या दुष्काळानंतर तिकडची काही मंडळी जबलपूर भागात आली आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तेथे विडीचा धंदा संघटित झाला. गुजरातची तंबाखू आणि मध्यप्रांताचे पान यांची गाठ आगगाडीने घातली. त्याच दशकात बंगाल-नागपूर रेल्वेचे अरुंद मार्ग गोंदियाहून उत्तरेला जबलपूरकडे आणि दक्षिणेला नागभीडकडे टाकले गेले आणि गोंदिया हे जंक्शन पानाचेही जंक्शन बनले. नडियादमध्ये जन्मलेले मनोहरभाई पटेल (१९०६–१९७०) येथे विडी उद्योजक म्हणून मोठे झाले आणि १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. जिल्ह्यातल्या उच्च शिक्षणाच्या पायात विडीचा नफा आहे. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. नफा शाळांत गेला हे चांगलेच झाले. मात्र त्या शाळांतून शिकलेल्या आपण, साहित्याच्या माणसांनी, पानाबद्दल किती लिहिले, हा प्रश्न उरतो.

विडी वळण्याचे काम पानापेक्षाही अधिक घरात शिरले. कारखानदाराने पान, तंबाखू आणि सूत सट्टेदाराला द्यायचे, सट्टेदाराने ते घरोघरी वाटायचे आणि हजार विड्यांमागे मजुरी द्यायची. मोजदाद येथेही आलीच. दिलेल्या पानांत हजार विड्या बसल्या नाहीत तर कमी पडलेले पान वळणारीने पदरचे आणायचे. नापसंत विड्या 'छाट' म्हणून बाजूला पडायच्या आणि त्यांची मजुरी मिळायची नाही. या व्यवस्थेत मालक कोण आणि कामगार कोण, हेच कोणाला सांगता येईना.

कायद्याने हा गोंधळ कसा हाताळला, याची हकिकत एखाद्या उत्तम प्रहसनासारखी आहे. शेतीच्या हंगामात मजूर मिळत नाहीत, सारे विड्या वळत बसतात, अशी तक्रार होती. म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये कायदा करून हंगामात ठराविक गावांत विड्या बनवण्यास बंदी करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला. भंडारा त्याच प्रांतात होता. १९५० मध्ये सागर जिल्ह्यात असा हुकूम निघाला आणि चिंतामणराव विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. जे म्हातारे, अपंग, मुले शेतात कामच करू शकत नाहीत त्यांचीही विडी हा कायदा हिरावतो, हे न्यायालयाने बोलून दाखवले. स्वतंत्र भारताच्या मूलभूत हक्कांच्या अगदी पहिल्या निकालांत विडी आहे, हे कायद्याचे विद्यार्थी जाणतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही जाणावे. केनियातल्या गोऱ्या मळेवाल्यांनी आफ्रिकन माणसाला त्याच्या शेतावरून मळ्यावर ओढण्यासाठी झोपडीपट्टी नावाचा कर आणि गळ्यात अडकवायचा 'किपांडे' नावाचा ओळखपरवाना वापरला. आपल्याकडे ओढ उलट्या दिशेची होती, विडीकडून शेताकडे. पण माणसाचे हात कोणत्या कामाला लागावेत हे वरून ठरवण्याची हौस दोन्हीकडे सारखीच.

त्यानंतर न्यायालयात 'कामगार' या एका शब्दाचा अर्थ लावण्याची जणू मालिकाच चालली. १९५८ मध्ये सट्टेदार व त्यांची माणसे कारखान्याचे कामगार नव्हेत असे ठरले. पुढे नागपूरच्या एका विडी कारखान्यातले वळणारे मात्र कामगार ठरले, आणि १९६२ मध्ये आणखी एका खटल्यात तशाच कामाचा माणूस पुन्हा कामगार नव्हे असा निकाल आला. हात तेच, काम तेच. शब्दात बसणे न बसणे मात्र तारखेवर. अखेर १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार म्हटले. पान तोडणारी मात्र या व्याख्येबाहेरच राहिली. तिचे पान 'गौण वनोपज' होते. गौण हा शब्द कोणी आणि कोणाच्या दृष्टीने योजला? राज्याच्या तिजोरीला सागवान मुख्य आणि तेंदू गौण असेल. उन्हाळ्याच्या तोंडाशी धान संपलेल्या घरात क्रम नेमका उलटा असतो.

महाराष्ट्राने १९६९ मध्ये वनोपजाच्या व्यापाराचे नियमन करणारा कायदा केला आणि तेंदूचा व्यापार सरकारने हाती घेतला. त्याआधीच मध्यप्रदेशाने १९६४ मध्ये तसा कायदा केला होता. मालगुजारांची जंगले १९५१ नंतर सरकारकडे गेलेलीच होती. जंगलाचे घटक पाडायचे, लिलाव करायचे, कंत्राटदाराने पुड्यांची मजुरी द्यायची आणि सरकारला स्वामित्वशुल्क भरायचे, अशी ही रीत. नंतर त्या शुल्कातला वाटा तोडणाऱ्यांना परत मिळू लागला; त्याला गावात 'बोनस' म्हणतात.

या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. केनियात १९६४ मध्ये चहा विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि लहान आफ्रिकन शेतकरी चहा लावू लागले. आज तेथील निम्म्याहून अधिक चहा त्यांच्याच शेतांतून येतो. शेतकऱ्याने संकलन केंद्रावर पान मोजून द्यायचे, महिन्याला किलोमागे ठराविक रक्कम घ्यायची आणि चहा मोम्बासाच्या लिलावात विकला गेल्यावर वर्षाखेरीस उरलेला भाग घ्यायचा. त्या उरलेल्या भागाला तेथेही 'बोनस'च म्हणतात! बोनस म्हणजे हक्काच्या पलीकडे, मालकाच्या मर्जीने मिळालेले. वस्तुतः दोन्हीकडे ती पानाच्या किमतीचीच राहिलेली बाकी आहे. किमतीचा एक तुकडा आधी 'मजुरी' म्हणून द्यायचा, दुसरा नंतर 'बोनस' म्हणून. पान आपले होते हे मधल्या काळात माणूस विसरून जातो. शब्द अशी कामे करतात. त्यासाठी कवितेची गरज नसते, नोंदवही पुरते.

वनहक्क कायद्याने २००६ मध्ये या नोंदवहीला धक्का दिला. गौण वनोपजाच्या व्याख्येत त्याने तेंदूपानाचे नाव घातले आणि त्यावर जंगलात राहणाऱ्यांची मालकी मान्य केली. 'गौण' राहिले, पण मालकी बदलली. २०१३ पासून गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या काही ग्रामसभांनी सरकारी लिलाव बाजूला ठेवून स्वतः पान विकायला सुरुवात केली. पुडे मोजणारा आता गावचाच तरुण असतो आणि निविदाही ग्रामसभा काढते. हे सोपे नाही. भाव एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी कोसळतो, कंत्राटदार पैसे थकवतो आणि विडी ओढणारेही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. तरीही मजुरी आणि बोनस हे दोन तुकडे जोडून 'किंमत' हा एक शब्द पहिल्यांदाच गावात बोलला जातो आहे.

आता संस्कृतीकडे. झाडीपट्टीचे वर्ष कामांनी विणलेले आहे: मार्चमध्ये मोहफुले, मेमध्ये तेंदू, पावसात रोवणी, दिवाळीनंतर मंडई आणि मग शंकरपटांच्या साथीने रात्र-रात्र चालणारी नाटके. दंडार, खडी गंमत आणि वडशाहून गावोगाव जाणारी नाटक मंडळे हे या प्रदेशाचे वैभव. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि या रंगभूमीचा अभ्यास उभा केला, तर २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना मिळालेल्या पद्मश्रीने तिचे नाव दूरवर गेले. पण ही धानाची कला आहे. धान घरात आल्यावर तिकिटाला पैसा असतो. तेंदूचा पैसा मे-जूनमध्ये येतो आणि बियाणे, खत, लग्न आणि शाळा यांत जिरून जातो; त्याच्या वाट्याला उत्सव नाही.

येथे लिमुरूची आठवण येते. केनियाच्या त्याच चहाप्रदेशात, लिमुरूजवळच्या कामिरिथू गावात, न्गुगी वा थिओंगो यांनी न्गुगी वा मिरी यांच्यासह १९७७ मध्ये गावातल्या शेतकऱ्यांना आणि मजुरांना घेऊन, गिकुयू भाषेत 'न्गाहिका न्देंडा' हे नाटक उघड्या रंगमंचावर केले. नाटकात जमीन होती, मजुरी होती आणि ती कोणी गिळली हेही होते. सरकारने प्रयोग बंद पाडले, वर्षाखेरीस न्गुगींना स्थानबद्ध केले आणि १९८२ मध्ये ते नाट्यगृहच जमीनदोस्त केले. आपल्या रंगभूमीवर अशी वेळ आली नाही, याचा आनंदच आहे. पण बोलीत बोलणारी, हजारोंचा प्रेक्षक असलेली, शासनाच्या अनुदानावर न जगणारी रंगभूमी हाताशी असताना फळीवरचा मुन्शी आणि पुडा मोजून देणारी बाई यांचा समोरासमोरचा प्रवेश तिने लिहायला हवा, असे मला वाटते. त्या प्रवेशात विनोदालाही जागा आहे आणि दंडारीला मुन्शीची टर उडवायला शिकवावे लागणार नाही.

झाडीपट्टीचे अरण्य मराठी वाचकाला मारुती चितमपल्लींनी दाखवले. नवेगावबांधचे त्यांचे दिवस आपल्या साहित्याचा भाग झाले आहेत. १८ जून २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या लेखनात रानातली माणसेही भरपूर आहेत, परंतु आपण वाचकांनी त्यातून पक्षी आणि तळे तेवढे उचलले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही परिसरात तेंदू तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. नवेगाव-नागझिरा हाही २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे आणि तेंदूचा हंगाम तेथल्या गावांनाही चुकलेला नाही. पहाटे रानात वाकून पाने तोडताना माणूस उभा दिसत नाही, असे वनखात्याची माणसे सांगतात. म्हणून एकट्याने जाऊ नये, गटाने जावे, बोलत राहावे, अशा सूचना दरवर्षी फळीवर वाचून दाखवल्या जातात.