वाळवंट खरंच चालत येतं का? साहेलच्या झाडांची मोजणी

आजचा प्रश्न ऐकायला सोपा आहे. वाळवंट किती वेगाने पसरतं, आणि ते मोजायचं कसं?

आपल्याला जायचंय साहेलला, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात. सोलापूरकडचं माळरान डोळ्यांसमोर आणा. सगळीकडे गवत आणि मध्येच एखादी बाभूळ. धड जंगल नाही, धड वाळवंटही नाही. अशा प्रदेशाला सव्हाना म्हणतात.

१९६८ नंतर तिथे भीषण दुष्काळ पडला. १९७५ मध्ये ह्यू लॅम्प्रे यांनी सुदानमध्ये विमानातून आणि जमिनीवरून पाहणी केली आणि तिची तुलना १९५८ च्या नकाशाशी केली. निष्कर्ष असा, की १७ वर्षांत वाळवंट ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेला सरकलंय. वर्षाला साधारण साडेपाच किलोमीटर! हा आकडा जगभर फिरला. दोष गेला तो तिथल्याच शेतकऱ्यांवर आणि गुराख्यांवर.

आता गंमत बघा. १९५८ च्या नकाशातली वाळवंटाची हद्द झाडं मोजून ठरवलेलीच नव्हती. ती वर्षाला ७५ मिलिमीटर पावसाच्या रेषेवरून आखली होती. म्हणजे तुलना कशाची? पावसाच्या रेषेची आणि दुष्काळानंतरच्या पाहणीची! पुढे स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी सुदानमध्ये तपासणी केली, तर वाळवंट असं सलग पुढे सरकल्याचा पुरावाच मिळाला नाही.

१९९१ मध्ये नासाच्या कॉम्प्टन टकर आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाची मोजणी मांडली. १९८४ ते १९८५ या एकाच वर्षात वाळवंटाची दक्षिण सीमा ११० किलोमीटर मागे गेली होती! पाऊस आला की वाळवंट आटतं, पाऊस रुसला की पसरतं.

पण तो उपग्रह फक्त एकूण हिरवळ बघायचा. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे काही किलोमीटर जमीन. त्यात एकटी बाभूळ कुठे दिसणार?

ती दिसली २०२० मध्ये. मार्टिन ब्रँट यांच्या चमूने अर्ध्या मीटरपर्यंतचे बारकावे दाखवणारी चित्रं घेतली. आधी सुमारे ९० हजार झाडं माणसाने हाताने खुणा करून संगणकाला शिकवली. मग संगणकाने पश्चिम आफ्रिकेतल्या १३ लाख चौरस किलोमीटरमध्ये एकेक झाड मोजलं. एकूण भरली १८० कोटींहून जास्त! तीन चौरस मीटरपेक्षा लहान पसाऱ्याची झाडं तर यात धरलेलीच नाहीत.

तरीही जमिनीवरचं काम सुटलं नाही. उपग्रहाला वरून फक्त झाडाचा पसारा दिसतो. त्या पसाऱ्याखाली लाकूड किती, पानं किती, मुळं किती, हे कुणीतरी उन्हात उभं राहून मोजलेलं असावंच लागतं. २०२३ च्या अभ्यासात अशाच ३० प्रजातींच्या मोजमापांवरून झाडांतला कार्बन काढला गेला.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट नायजरची वाटते. तिथे झाडांवर मालकी सरकारची, म्हणून शेतकरी शेतात उगवलेली रोपं काढून टाकायचे. १९८० च्या दशकापासून मात्र त्यांनी जुन्या खोडांना फुटलेले धुमारे राखायला सुरुवात केली आणि लाखो हेक्टर शेतजमिनीवर झाडं परतली. ज्यांच्यावर वाळवंटाचा ठपका होता, त्यांनीच!

आपल्याकडेही माळरानं सरकारी नोंदीत बऱ्याचदा 'पडीक' ठरतात. तेव्हा यापुढे 'इथे काहीच नाही' असं कुणी म्हणालं, तर एवढंच विचारा: मोजलं कुणी, आणि कशाने?