जुनी शिक्षा आणि पिस्तुलाचा परवाना

तारुण्यात झालेली शिक्षा पिस्तुलाच्या परवान्याची वाट कायमची बंद करते, हा समज खरा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ९ नुसार हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावास झालेल्या व्यक्तीस शिक्षा संपल्यानंतर ५ वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. ही मुदत निकालापासून नव्हे, तर शिक्षा पूर्ण झाल्यापासून मोजली जाते.

मात्र बंदी सरली म्हणजे परवान्याचा हक्क मिळाला, असे नव्हे. परवाना प्राधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी वा पोलीस आयुक्त, कलम १३ नुसार पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. त्यात जुनी नोंद पुढे येऊ शकते. सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेच्या कारणास्तव कलम १४ खाली अर्ज नाकारता येतो. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात. कलम १८ नुसार त्याविरुद्ध अपील करता येते.

शिक्षेची माहिती दडवणे मात्र अधिक महागात पडते. महत्त्वाची माहिती लपवून मिळवलेला परवाना कलम १७ अन्वये निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. म्हणून अर्जात जुनी शिक्षा स्पष्टपणे नमूद करणेच हिताचे ठरते.