दोन बोटांचा पुरावा

आमच्या बोरी बुद्रुकला कुकडीकाठी टोबा ज्वालामुखीची राख सापडते. तिच्या वयावरून शास्त्रज्ञ अजून भांडतात. माणसाच्या अंगावरचा पुरावा मात्र काही दिवसांत जातो.

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, म्हणून मथुरा खटल्यातला वैद्यकीय कागदच मला जास्त खुपतो. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री आठला. नोंदीत काय, तर अंगावर जखम नाही आणि दोन बोटं सहज जातात. ठाण्यात अडकलेली घाबरलेली पोर पोलिसांशी झटापट करील कशी? तरी 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जखमा नाहीत म्हणून संमती गृहीत धरली. दोन्ही आरोपी पोलीस सुटले.

देशभर संताप उसळला, 1983 ला कायदा बदलला. दवाखान्यातली बोटं तशीच राहिली. सेवाग्रामचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी 2010 मध्ये या तपासण्यांच्या दुर्दशेवर अहवाल लिहिला. प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं. 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने ही दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा भंग ठरवली. 2022 मध्ये तेच पुन्हा बजावावं लागलं.