वॉर्डातून हजेरीपटावर

पॅरिसच्या दक्षिण वेशीबाहेर बिसेत्र नावाचे एक अवाढव्य आवार होते. रुग्णालय, तुरुंग, निराधारांचा आसरा आणि वेड्यांचा कोंडवाडा, सगळे एकाच भिंतीच्या आत. 1771 मध्ये पंचविशी ओलांडलेला एक कातडी कमावणारा कारागीर गंडमाळांवर उपचार घ्यायला तिथे दाखल झाला. ज्याँ-बातिस्त प्यूसँ त्याचे नाव. तो बरा झाला, पण घरी गेला नाही. तिथेच कामाला लागला. 1780 च्या दशकात तर असाध्य मानलेल्या मनोरुग्णांचा अख्खा विभाग त्याच्या ताब्यात आला. वैद्यकाची पदवी नाही, घराण्याचे नाव नाही. बायको मार्गरीत मात्र खांद्याला खांदा लावून त्याच विभागात राबत होती.

प्यूसँने पहिली गोष्ट केली ती नोकरांचे हात आवरण्याची. रुग्णाला मारायचे नाही, हा नियम. मोडला तर कामावरून कमी. मग माणसे आणायची कुठून? त्याने ती वॉर्डातूनच उचलली. बरे झालेले किंवा बरे होत आलेले रुग्ण त्याने चाकरीला ठेवले. ज्याला साखळी लागली आहे तो दुसऱ्याच्या साखळीला हिसका देत नाही, इतका साधा त्याचा हिशेब. हा हिशेब कनवाळू होता तसा व्यवहारीही होता. बिसेत्रसारख्या ठिकाणी नोकरी करायला बाहेरून चांगला माणूस येणार तरी कशाला?

1793 मध्ये फिलिप पिनेल हा डॉक्टर तिथे आला आणि या अशिक्षित म्हणाव्या अशा माणसाकडून शिकला. 1801 च्या आपल्या ग्रंथात त्याने ते ऋण मोकळेपणाने मान्यही केले. पण कीर्तीचा व्यवहार वेगळा. बिसेत्रमधल्या मनोरुग्णांच्या साखळ्या 1797 मध्ये निघाल्या त्या प्यूसँच्या हातून. पिनेल तोवर साल्पेत्रिएर रुग्णालयात बदलून गेला होता. तरी पुढल्या शतकातल्या चित्रांत आणि गोष्टींत साखळ्या तोडणारा म्हणून उभा राहिला तो पिनेलच. प्यूसँला आपल्याकडे आणण्यासाठी मात्र पिनेलने बराच पाठपुरावा केला आणि 1802 मध्ये तो साल्पेत्रिएरला आला. काम कोण करतो हे डॉक्टरला पक्के ठाऊक होते.

बरे झालेल्याने आजाऱ्याला सांभाळायचे, हीच गोष्ट दारूच्या बाबतीत अमेरिकेत घडली, आणि तिथे पैशाचा प्रश्न जास्त उघडपणे समोर आला. एप्रिल 1840 मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा पियक्कडांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि 'वॉशिंग्टोनियन' चळवळ सुरू झाली. सभेत प्रवचन नाही, पाद्री नाही. एकेकाने उठायचे आणि आपली कर्मकहाणी सांगायची. 1842 मध्ये स्प्रिंगफील्डला त्यांच्या सभेत बोलताना तरुण वकील अब्राहम लिंकननेही असेच सुचवले, की दारूड्याला वळवायचे तर उपदेशकापेक्षा सुटलेला दारूडा बरा. लाटेसारखी वाढलेली ही चळवळ काही वर्षांतच ओसरली.

जवळजवळ शतकानंतर, 1935 मध्ये, अ‍ॅक्रन गावात न्यू यॉर्कचा एक शेअर दलाल आणि तिथला एक शल्यविशारद भेटले. दोघेही दारूने पोखरलेले. बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ यांच्या त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. पुढच्याच वर्षीच्या सुमाराची एक घटना या इतिहासात फार मोलाची आहे. ज्या खासगी रुग्णालयात बिल स्वतः अनेकदा भरती झाला होता, त्याचा मालक चार्ल्स टाउन्स याने त्याला नोकरी देऊ केली: रुग्णालयात बसायला खोली, दारूड्यांवर उपचार, वर उत्पन्नात वाटा. बिल त्या वेळी कफल्लक होता आणि घर बायकोच्या पगारावर चालत होते. तो हरखून घरी आला. त्या संध्याकाळी ब्रुकलिनच्या त्याच्या घरी बैठकीला जमलेल्या मंडळींनी मात्र नकारार्थी मान हलवली. एकाने मदत करायचे पैसे घेतले, तर बाकीचे फुकट का करतील? बिलने नोकरी नाकारली. पुढे संघटनेच्या नियमांतच बसले, की एका व्यसनीने दुसऱ्याला हात देण्याचे काम कायम बिनपैशाचे राहील.

ज्याचे जळते त्यालाच कळते, हे खरे. पण अशा जाणकाराला सरकारी नोकरीत कोणत्या श्रेणीत बसवायचे?

हा पेच पहिल्यांदा नेटाने सोडवला तो मिनेसोटा राज्याने. विल्मर इथल्या सरकारी मनोरुग्णालयात दारूच्या रुग्णांची रीघ लागलेली असे. अधीक्षक नेल्सन ब्रॅडली आणि मानसशास्त्रज्ञ डॅन अँडरसन यांनी ठरवले, की या वॉर्डात दारू सुटलेली माणसेच समुपदेशक म्हणून घ्यायची. त्यासाठी राज्याच्या नोकरभरतीच्या यादीत तसे पद असायला हवे होते. ते 1954 मध्ये निर्माण झाले. अट दुहेरी: शालेय शिक्षण पूर्ण आणि दारू सुटून दोन वर्षे. व्यसनाचा भूतकाळ, जो एरवी अर्जात लपवायचा, तोच इथे पात्रता ठरला. जुन्या कर्मचाऱ्यांना हे रुचले नाही. कालपर्यंत ज्यांना गोळ्या वाटल्या, ते आज शेजारच्या टेबलावर बसून रुग्णाविषयी मत देणार, हे पचायला जड होते. तरी ही पद्धत टिकली. 1961 मध्ये अँडरसन हेझल्डेन या संस्थेत गेला आणि तिथून ती जगभर पसरली.

याच काळात दुसरे टोकही दिसले. 1958 मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडरिकने सुरू केलेले सिनॅनॉन सुटलेल्या व्यसनींनीच चालवले होते. देखरेख कुणाचीच नव्हती. ते हळूहळू पंथ बनले आणि 1978 मध्ये त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत खुळखुळ्या साप सापडण्यापर्यंत मजल गेली. स्वानुभवाला प्रशिक्षण आणि जाब विचारणारे कुणीतरी लागतेच.

मानसिक आजाराच्या बाजूला हीच वाट उशिरा उघडली. 1999 पासून जॉर्जिया राज्यात स्वतः मानसिक आजारातून गेलेल्या आणि आता इतर रुग्णांना सोबत करणाऱ्यांच्या कामाचे पैसे सरकारी आरोग्य विम्यातून मिळू लागले. 2007 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने इतर राज्यांनाही मार्ग दाखवला. मात्र प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि देखरेख आवश्यक ठरवली.

पुण्यात ही गोष्ट 29 ऑगस्ट 1986 पासूनची. गर्द या मादक पदार्थाने शहरातली तरुण मुले गिळायला सुरुवात केली होती. लेखक अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या डॉ. अनिता अवचटांनी त्याच आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी पाठबळ दिले. तिथे दाखल माणसाला 'रुग्णमित्र' म्हणतात. त्यांतलेच काही बरे होऊन तिथे रुजले, कार्यकर्ते झाले, समुपदेशक झाले. नशा तुटल्याने टर्की लागून अंथरुणात तळमळणाऱ्या पोराला 'होईल कमी' असे डॉक्टरनेही सांगावे, पण त्याच खाटेवर कधीकाळी तळमळलेल्याने सांगितले की पोरगा निदान ऐकून घेतो. स्लिप झालेल्याची, म्हणजे पुन्हा नशेकडे वळलेल्याची, थाप कुठे सुरू होते हेही त्यालाच आधी कळते.

सरकारी कागदावर आज या माणसाचे नाव 'पीअर एज्युकेटर'. केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांत आणि इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठीच्या एचआयव्ही प्रतिबंध प्रकल्पांत तो असतो. पुलाखालचे अड्डे त्याला पाठ असतात, सुया तोच पोहोचवतो, दवाखान्यात हाताला धरून तोच नेतो. मिळते ते मानधन. अंगणवाडी सेविकांचे मोर्चे पाहिलेल्या महाराष्ट्राला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने केंद्रीय प्राधिकरणावर मानसिक आजार अनुभवलेल्यांच्या प्रतिनिधींसाठी दोन जागा ठेवल्या. वॉर्डातल्या कामासाठी वेतनश्रेणी मात्र त्यात नाही. आणि अनुदानित केंद्रात या पीअर एज्युकेटरला समुपदेशकाच्या खुर्चीत बसायचे असेल, तर विल्मरला सत्तर वर्षांपूर्वी शालेय शिक्षणावर भागले होते, इथे आधी पदवी दाखवावी लागते.